इंजिन ‘उणे’ दाखवतं म्हणून ओपनिंग सोडू नका

“इंजिन लावा, ते पहिली दाखवेल ती चाल पाठ करा आणि ज्या ओपनिंगमध्ये काळा मागे दिसतो ती कायमची बंद करा.” बुद्धिबळ शिकणाऱ्यांमध्ये हा सल्ला फार फिरतोय. (ओपनिंग म्हणजे डावाची ठरावीक सुरुवात. इंजिन म्हणजे कोण किती पुढे आहे ते आकड्यात सांगणारा संगणकाचा प्रोग्राम: अधिक म्हणजे आघाडी, उणे म्हणजे पिछाडी, ०.०० म्हणजे बरोबरी.) नवख्या खेळाडूंचं त्याने खरंच नुकसान होतं, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

‘+०.५ म्हणजे अर्ध्या प्याद्याची आघाडी.’ पूर्वी ढोबळमानाने तसं म्हणता यायचं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश या इंजिनाच्या १५.१ आवृत्तीपासून +१ चा अर्थ वेगळा आहे: तितक्याच ताकदीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध स्टॉकफिश जिंकण्याची शक्यता ५० टक्के. मग ओपनिंगमधले +०.३, +०.४ म्हणजे इंजिनांच्या लेखी जवळपास बरोबरीच. टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेत सुरुवातीच्या चाली आयोजकच ठरवून देतात आणि बऱ्याचदा मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या निवडतात. तसं केलं नाही तर डावामागून डाव बरोबरीत सुटतात. ज्या फरकावर इंजिनलाही इंजिन हरवता येत नाही, त्याला घाबरून आपण आवडती ओपनिंग का सोडायची?

‘पहिल्या क्रमांकाची चालच सर्वोत्तम.’ इंजिन थोडा वेळ आणखी चालू ठेवा, क्रम बदललेला दिसेल. ०.०५ च्या फरकावर निर्णय घेण्यात काही अर्थ नाही.

‘०.०० म्हणजे सपाट, निवांत डाव.’ सगळ्यात मोठी गफलत इथे होते. फ्रेंच या काळ्याच्या बचावाच्या एक्स्चेंज प्रकारात तिसऱ्या चालीला मधली प्यादी मारली जातात, दोन्हीकडची रचना सारखी होते आणि आकडा शून्याच्या आसपास राहतो. तिथे दोन्ही बाजूंना दर वेळी पाच-सहा वेगवेगळ्या चाली चालून जातात. आता सिसिलियन बचावाच्या नायडॉर्फ प्रकारातलं पॉइझन्ड पॉन (‘विषारी प्यादं’) घ्या. काळा वजीर बी२ वरचं प्यादं खातो, त्याचा राजा अजून मध्येच उभा असतो आणि पांढऱ्याची मोहरी भराभर बाहेर येतात. त्याच्या मुख्य चालक्रमांतही इंजिन वारंवार ०.०० दाखवतं. पण ते शून्य अचूक चालींच्या लांबलचक साखळीवर टिकलेलं असतं. एक कडी निसटली की डाव हातचा गेला.

किंग्ज इंडियन या काळ्याच्या बचावाचंही तसंच. पांढऱ्याने डी५ खेळून मध्य बंद केला की इंजिन त्याला स्पष्ट वरचढ ठरवतं. पटावर मात्र काळा एफ५-एफ४, जी५-जी४ करत थेट राजावर चालून येतो. वजिराच्या बाजूने पुढे सरकणाऱ्या पांढऱ्याने एक चाल उशीर केला तर मात होते. त्याच्यावरचं हे दडपण आकड्यात उतरत नाही.

२०२४ ला सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात गुकेशच्या ई४ ला (राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे) तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनने फ्रेंचने उत्तर दिलं. इंजिन फ्रेंचपेक्षा ई५ ला, म्हणजे काळ्यानेही तसंच प्यादं पुढे करण्याला, थोडं जास्त पसंत करतं. तो डाव डिंगने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला.

आकडा एकदम दोन-तीनने कोसळला तर नक्की थांबा, बहुधा मोहरा जातोय. एरवी इंजिनने सुचवलेल्या पहिल्या चार चाली एकत्र उघडून बघा. चारही जवळपास सारख्या असतील तर मनाला पटेल ती खेळा. पहिली ०.०० आणि दुसरी थेट -२ असेल, तर ती स्थिती घड्याळ चालू असताना आपल्याला झेपेल का, हे आधी ठरवा.