टेम्सवरचे लॉक उघडले असते तर पूर टळला असता?

इंग्लंडमधल्या पुराच्या चित्रफितींसोबत एक दावा हमखास फिरतो. टेम्सवरच्या लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेल्या कुंडात (जलपाशात), पंपाने पाणी भरून बोटी वर चढवतात. बोट जितकी मोठी तितकं पाणी जास्त. ही युक्ती लिओनार्दो दा विंचीची. आणि पुरात लॉक उघडले असते तर गावं वाचली असती. यातला एकही मुद्दा टिकत नाही. शेवटचा तर पूरग्रस्तांचा राग भलत्याच दाराशी नेऊन सोडतो.

उदाहरणाला लेचलेडजवळचं सेंट जॉन्स लॉक घेऊ. ग्लॉस्टरशायरच्या सखल कुरणांत, लीच नदी टेम्सला मिळते तिथलं हे टेम्सवरचं सर्वांत वरचं लॉक. 1789 मध्ये टेम्स-सेव्हर्न कालवा जवळच इंग्लशॅमला नदीला जोडला गेला, मालाच्या बोटींना भरवशाची खोली हवी झाली आणि 1790 मध्ये हे बांधलं गेलं. कुंड सुमारे 33.5 मीटर लांब, 4.5 मीटर रुंद. वरच्या आणि खालच्या पाण्यात फरक जेमतेम 85 सेंटिमीटर.

इथे पंप नाही. वर जाणारी बोट आत आली की खालचे दरवाजे आणि झडपा बंद करायच्या, मग वरच्या झडपा थोड्या थोड्या उघडायच्या. नदीचं पाणी आपसूक आत येतं. पातळी सारखी झाली की दाराला जोडलेली तुळई रेटून दार उघडतं. झडपा एकदम उघडल्या तर पाणी उसळून बोट भिंतीवर आदळते. दोर खुंटाला वळसा घालून हातातच धरायचे, गाठ मारायची नाही. पाणी उतरताना गाठ मारलेली बोट दोराला लटकते. उतरताना बोट वरच्या दाराला फार चिकटून राहिली तर तिचा मागचा भाग दाराखालच्या उंबरठ्यावर टेकतो आणि पुढचा बुडायला लागतो. ऑक्सफर्डच्या खाली बऱ्याच लॉकना वीज आहे, पण ती दारं आणि झडपा हलवण्यापुरती.

बोटीच्या आकाराचं म्हणाल तर झडपांतून दर वेळी तेवढंच पाणी येतं: लांबी गुणिले रुंदी गुणिले पातळीतला फरक, म्हणजे इथे अंदाजे 1 लाख 28 हजार लिटर. छोटी होडी असो की मालाची मोठी बार्ज, ती तरंगत वर येते; भरायचं पाणी बदलत नाही.

लिओनार्दोच्या जन्माआधी साडेचार शतकं, 984 मध्ये, चीनमध्ये छ्याओ वेइयुए यांनी दोन दारांचं लॉक बांधलं होतं. टेम्सवर अशी लॉक 1630 च्या दशकात इफ्ली, सँडफर्ड आणि स्विफ्ट डिच इथे आली. त्याआधी बंधाऱ्याच्या फळ्या काढून सुटलेल्या लोंढ्यातून बोट खाली सोडत, वर जाणारी ओढून काढत. असा शेवटचा बंधारा, ईटन वीअर, लेचलेडपासून काही मैलांवर 1930 च्या दशकापर्यंत टिकून होता.

आता पूर. नदी लॉकमधून वाहत नाही, शेजारच्या बंधाऱ्यावरून वाहते. पातळी राखतात ती बंधाऱ्याच्या दारांनी. मोठा पूर येतो तेव्हा ती दारं आधीच पूर्ण उघडलेली असतात. नदीतून सेकंदाला 30 घनमीटर पाणी जात असेल, तर लॉकचं अख्खं कुंड म्हणजे तिचा चार सेकंदांचा प्रवाह. बरं, दोन्ही दारं सताड उघडी ठेवायची म्हटली तरी पाण्यात फरक असताना ती उघडत नाहीत. 15 सेंटिमीटर फरक आणि दोन मीटर खोल पाणी असेल, तर दाराच्या सव्वादोन मीटर रुंदीच्या एका पाखावर साडेसहाशे किलोहून जास्त दाब येतो. जोर लावून उघडलीच, तर प्रवाहात ती आपटतात, बिजागऱ्या निखळतात, तळ खरवडून निघतो. एवढं करून मिळते साडेचार मीटरची वाट, तीही नदी दोन्ही काठांवरून कुरणांत पसरलेली असताना, जेव्हा खालचं पाणीही चढून वरच्याच्या जवळ आलेलं असतं. वरच्या गावाचं पाणी काही अंशी उतरलंच, तर ते खालच्या गावाच्या दारात जाणार.

म्हणूनच पुरात लॉकवर दार उघडण्याची नव्हे, फलक लावण्याची घाई असते. पिवळा फलक म्हणजे प्रवाह वाढतोय किंवा ओसरतोय, लाल म्हणजे प्रवाह जोराचा आहे, बोट काढू नका.