स्कॅन करता येते, वाटता येत नाही

आमच्या तालुक्यातील वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे गेल्या महिन्यात एक ठराव आला. कपाटांतील वाळवी लागलेल्या पुस्तकांचे स्कॅनिंग करून त्यांच्या पीडीएफ सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकाव्यात, असा तो ठराव होता. हेतू निर्मळ होता, तरीही मी विरोध केला आणि वाचनाचा शत्रू ठरलो.

वास्तविक कॉपीराइट कायदा ग्रंथालयांशी तितका कठोर नाही. 1957 च्या या कायद्याच्या कलम 52 नुसार, जे पुस्तक भारतात विकत मिळत नाही त्याच्या तीनपर्यंत प्रती अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी काढू शकते. आणि 2012 च्या दुरुस्तीने, छापील प्रत आधीपासून संग्रही असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवण्याचीही मुभा मिळाली आहे. म्हणजे ठरावाचा पहिला अर्धा भाग पूर्णपणे कायदेशीर होता. अडचण दुसऱ्या अर्ध्यात होती, कारण जतन करणे वेगळे आणि चारशे फोनांवर प्रत पाठवणे वेगळे. ‘आपण पैसे कुठे घेतो?’ हा युक्तिवाद बैठकीत तीनदा झाला, परंतु केवळ पैसे न घेतल्याने असे वाटप वैध होत नाही.

‘पुस्तक जुने आहे’ हे उत्तरही पुरेसे नाही. आपल्याकडे कॉपीराइटची मुदत छपाईच्या नव्हे, तर लेखकाच्या मृत्यूच्या वर्षावरून मोजली जाते आणि मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे चालते. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे 2011 पासून त्यांचे साहित्य मुक्त आहे. आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, त्यांच्या लेखनासाठी 2029 संपेपर्यंत थांबावे लागेल. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क स्वतंत्र, आणि त्याचे नाव शोधायचे तर अनेकदा मुखपृष्ठ सोडून आतली पाने चाळावी लागतात.

ज्यांचे वारस सापडत नाहीत अशा लेखकांसाठी कलम 31अ मध्ये परवान्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. ज्या वाचनालयाला वर्तमानपत्रांचे बिल भागवताना दमछाक होते त्याने हा खर्च कोठून करावा, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

कायद्याचा विषय निघाला की आमच्याकडे चर्चा अनुदान आणि धर्मादाय कार्यालयातील चेंज रिपोर्ट यांपलीकडे जात नाही. विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत तो द्यावा लागतो, हे सर्वांना पाठ आहे. परंतु सभासदांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स उघड्या फायलीत का पडून आहेत, हे कोणी विचारत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्येच संमत झाला, तरी निदान ती फाइल कुलुपात जावी एवढीही जाग आलेली नाही.

अखेर ठराव दुरुस्त होऊन मंजूर झाला. स्कॅनिंग होईल, फाइली वाचनालयाच्या एकाच संगणकावर राहतील आणि दाखल नोंदवहीत ‘लेखकाचे मृत्युवर्ष’ असा नवा रकाना येईल. ग्रंथपालबाईंनी पहिल्या दोन कपाटांचे काम केले आहे. निम्म्याहून अधिक रकाने कोरे आहेत, आणि त्यांतले बरेच लेखक आमच्याच तालुक्यातले आहेत.