मोस्तारचा जुना पूल 'अभंग' नाही: एक खुलासा

बोस्नियातल्या मोस्तारच्या दगडी पुलाचा फोटो फिरतोय. खाली ओळ असते, '1566 पासून अभंग उभा, युद्धातूनही वाचलेला.' फोटो खरा आहे, ओळ चुकीची.

उस्मानी (ऑटोमन तुर्की) काळात वास्तुकार मिमार हैरुद्दीनने बांधलेला मूळ पूल 9 नोव्हेंबर 1993 रोजी, बोस्नियातल्या युद्धात, बोस्नियन क्रोएट सैन्याच्या तोफमाऱ्यात नेरेत्वा नदीत कोसळला. (काही जण याचं खापर सर्ब सैन्यावर फोडतात, तेही चूक.) आज दिसतो तो पुन्हा उभारलेला, 23 जुलै 2004 ला खुला झालेला पूल.

बुडी मारणाऱ्यांनी नदीतून जुने दगड काढले, पण ते बहुतेक वापरण्याजोगे राहिले नव्हते. मग जवळच्याच खाणीतला तोच फिकट 'तेनेलिया' दगड आणून घडवला. चिरे लोखंडी आकड्यांनी जोडले, खाचांत वितळलेलं शिसं ओतलं, अगदी जुन्या कारागिरांसारखं. त्यामुळे याला 'नकली' म्हणणं मला मुळीच पटत नाही. युनेस्कोनेही 2005 मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला, तो पूल नव्याने बांधलाय हे ठाऊक असूनच.

गावाचं नाव पडलं ते 'मोस्तारी' म्हणजे पुलाच्या राखणदारांवरून. फोटो पुढे पाठवाल तेव्हा 1566 च्या शेजारी 1993 आणि 2004 हेही कृपया लिहा.