इंग्रजी लेखनकौशल्य शिकवायचंय? एकदम सोप्पंय!

नव्या प्राध्यापक मित्रहो, तो दोन क्रेडिटचा रायटिंग स्किल्सचा पेपर तुमच्या गळ्यात पडलाय ना? सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, असाल तर पडणारच होता, टेन्शन घेऊ नका.

पहिलं पथ्य म्हणजे मुलांना लिहायला लावायचं नाही. लेखन हा डिक्टेट करायचा विषय आहे. पॅराग्राफ म्हणजे काय, टॉपिक सेन्टेन्स म्हणजे काय, व्याख्या आणि खाली चार वैशिष्ट्यं, पोरं गपगुमान उतरवून घेतात, मग परीक्षेत 'पॅराग्राफ रायटिंगवर टीप लिहा' विचारायचं, पाच मार्क. जन्मात स्वतःचा एक पॅराग्राफ न लिहिता पोरगं पॅराग्राफ रायटिंगमध्ये पास!

वर्गाचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो तेवढा काढून ठेवा, नॅकला, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्यांना, लागतो.

संदर्भ कसे द्यायचे? शेवटी 'गूगल' लिहायचं, झालं.

कॉपीबद्दल विचारलंच कोणी तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही एवढंच सांगा. पुढचं पोरं बघतात, नेटवरचा मजकूर शब्द बदलणाऱ्या टूलमध्ये टाकतात, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' होऊन बाहेर येतं आणि कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर खूश. (हे छापील रिसर्च पेपरांतही सापडलंय, तेव्हा पोरांना कुठल्या तोंडाने बोलणार.)

आता इंटर्नल तपासणं. अक्षर बघा, समास बघा, स्केचपेनने रंगवलेलं हेडिंग बघा, वाचत मात्र बसू नका. परवा आमच्याकडे दुसऱ्या परीक्षकांनी अख्खा गठ्ठा असाच उडवला. त्यात एका मुलीचा कागद होता, बारावीपर्यंत मराठी मीडियम, विषय गावात टँकर का येतो. आधी विहिरी आटल्या, मग ऊस वाढला, मग बोअर किती खोल गेल्या, मग टँकर कोणाच्या वस्तीवर आधी थांबतो. 'पीपल इज' लिहिलंय, टेन्स घसरलाय, पण एका वाक्यातून दुसरं निघतंय, 'बिकॉज' जिथे हवं तिथेच आलंय, आणि हे सगळं तिने खोडून खोडून परत लिहून आणलेलं. तिला दहापैकी चार! आणि ज्या पठ्ठ्याने चॅटजीपीटीचं 'शुअर, हिअर इज युअर एसे' हेसुद्धा न खोडता उतरवलं त्याला नऊ. का, तर म्हणे लँग्वेज चांगली आहे.

अहो सर, लँग्वेज चांगली असणारच, ती त्याची नाहीच आहे! पहिली ओळ तरी वाचायची होती. सव्वाशेचा वर्ग आहे, मानधन सहा-सहा महिने लटकतं, सगळं मान्य, मीपण तिथेच आहे. मग नका वाचू सगळ्यांचं. आठवड्याला दहा जणांचं वाचा, प्रत्येकाला एकच चूक दाखवा, परत लिहून आणायला सांगा. तेही होत नसेल तर निदान जिने स्वतःच्या डोक्याने लिहिलंय तिचे मार्क तरी कापू नका. ती आता मला विचारतेय, "सर, पुढच्या वेळी मीपण चॅटजीपीटीवरूनच करू का?" काय सांगू तिला? तुम्हीच या आणि सांगा.