थोडंसं चालेल ना?

मराठीत ‘थोडंसं’इतका लबाड शब्द दुसरा नसेल. बाकाशेजारी उभा असलेला माणूस ‘थोडंसं सरकता का?’ म्हणतो तेव्हा त्याला अर्धा बाक हवा असतो. दंतवैद्य ‘थोडंसं दुखेल हं’ म्हणतात तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरायचे असतात. आणि ‘मला गहू चालत नाही, आतड्याचा आजार आहे’ असं मी सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर चेहरा लांब करतो, ‘अरेरे’ म्हणतो आणि मग हळूच विचारतो, ‘पण थोडंसं चालेल ना?’

नाही चालत. दोन वर्षं मी हेच सांगत फिरतोय.

सुरुवात थकव्याने झाली. म्हणजे थकवा आधीपासून होताच, पण त्याचं खापर थायरॉइडच्या डोक्यावर फोडलेलं होतं. मला हाशिमोटोचा आजार आहे. याच नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली तो पहिल्यांदा जगासमोर मांडला. आपलंच शरीर आपल्याच ग्रंथीला शत्रू समजून पोखरतं, असा तो प्रकार. सकाळी उठून गोळी घ्यायची आणि चहाच्या कपाकडे घड्याळ लावून बघत बसायचं, एवढ्यावर भागत होतं. मग हिमोग्लोबिन घसरायला लागलं. लोहाच्या गोळ्या इतक्या खाल्ल्या की लोहचुंबकाच्या जवळून जायला भीती वाटावी. हिमोग्लोबिन मात्र जागचं हलेना. डॉक्टर म्हणाले, ‘हे आजार पुष्कळदा एकटे राहत नाहीत. सोबतीला दुसरा बोलावतात.’ घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं!

इथे मी माझा शहाणपणा दाखवला. रात्रभर मोबाईलवर वाचून निदान स्वतःच केलं आणि रक्ततपासणीच्या तीन आठवडे आधीच गहू सोडून दिला. डॉक्टरांना हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ग्लुटेन म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन. या आजारात त्याच्यामुळे रक्तात जी प्रतिपिंडं तयार होतात, ती या तपासणीत मोजतात. ग्लुटेनच बंद केलं तर ती ओसरायला लागतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. ‘पुन्हा सुरू करा,’ डॉक्टर म्हणाले. ‘काही आठवडे रोज गहू खा आणि मग या.’

फाशीच्या कैद्याला एक शेवटची इच्छा विचारतात. मला सहा आठवडे विचारत होते. ब्रेड, बिस्किटं, पास्ता, केक, सगळं डॉक्टरांच्या सल्ल्याने! बायकोने हटकलं की चिठ्ठी दाखवायची. फक्त पोट असं काही बिघडलं होतं की त्या मेजवानीतला निम्मा वेळ मी जेवणाच्या टेबलापासून लांब, कडी लावलेल्या खोलीत काढला.

मग रक्त, मग दुर्बीण, मग आतड्याचे चिमटीएवढे तुकडे, आणि शेवटी निकाल: सिलिअ‍ॅक. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं ती शोषून घेते, हे मला डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. माझी मखमल घासून घासून सपाट झाली होती. लोहाच्या गोळ्या येत होत्या आणि बसायला जागा नाही म्हणून तशाच पुढे जात होत्या. ग्लुटेन दिसलं की माझी प्रतिकारशक्ती तलवार उपसून धावते आणि त्या धुमश्चक्रीत कापलं जातं ते माझंच आतडं. कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो. माझ्याकडे ते गव्हाच्या निमित्ताने खात होतं, एवढाच फरक. गव्हाबरोबर किडेही रगडले जातात, ही म्हण ज्याने पहिल्यांदा वापरली त्याच्या घरात कुणीतरी माझ्यासारखं असणार, अशी मला दाट शंका आहे.

‘औषध काय?’ मी विचारलं.

‘औषध नाही. पथ्य.’

‘किती दिवस?’

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही, नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं आयुष्यभराचं होतं.

गहू, बार्ली आणि राय (हे गव्हासारखंच एक धान्य) सोडा, बाकी सगळं खा, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, तीनच तर नावं आहेत. घरी येऊन स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं तेव्हा कळलं की ही तीन नावं म्हणजे तीन माणसं नव्हेत, तीन घराणी आहेत. सोया सॉस सोयाबीनचा, म्हणून विश्वासाने उचलला, तर त्यात सोयाबीनच्या मांडीला मांडी लावून गहू आंबवलेला. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, पण चवीला माल्ट, म्हणजे बार्ली. सूपचं पाकीट, सॉसेज, मसालेदार चिप्स, सगळीकडे कुणी ना कुणी पाव्हणा लपलेला. ‘गव्हाशिवाय’ असं ठळक छापलेल्या पाकिटावरही भुलायचं नाही, कारण गहू बाहेर पाठवून बार्ली आत बसलेली असू शकते.

उलटही फसगत होते. बकव्हीटच्या नावात गहू आहे म्हणून मी त्याला तीन महिने वाळीत टाकलं. ते बिचारं गव्हाच्या नात्यातलंसुद्धा नाही. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव वाचून एका दुकानात मी पाकीट असं झटक्यात खाली ठेवलं की शेजारच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. तेही निरुपद्रवी निघालं. ओट्सची गोष्ट सगळ्यात करुण. मूळचं सालस पोर, पण शेतात, गोदामात, गिरणीत सगळीकडे गव्हाच्या संगतीत वाढलेलं. वेगळं राखलेले, तसं पाकिटावर लिहिलेले ओट्स घ्यावे लागतात आणि ते तरी सोसतात का ते बघावं लागतं. काहींना तेही सोसत नाहीत. चाळिशीचा चष्मा मला वयामुळे लागला नाही, पाकिटांच्या पाठीमागच्या मजकुरामुळे लागला, हे मी कुणाहीसमोर शपथेवर सांगायला तयार आहे.

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ आई म्हणाली.

होतं. दुसऱ्या शतकाच्या आसपास अ‍ॅरिटियस नावाच्या ग्रीक वैद्याने हे दुखणं लिहून ठेवलंय. सिलिअ‍ॅक हे नावसुद्धा पोटासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलेलं. १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी यांनी सांगून टाकलं, की रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल. मात्र कुठल्या आहाराने, हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. त्यांचा एक बालरोगी रोज लिटरभर शिंपल्यांवर धष्टपुष्ट झाला आणि शिंपल्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा खंगला. पुढच्या वर्षी पोराने शिंपल्यांना तोंड लावायलाच नकार दिला. मला त्या पोराबद्दल फार आपुलकी वाटते. मग १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी मुलांना केळी खायला घातली आणि ब्रेड बंद केला. मुलं सुधारली. काम केलं ब्रेडच्या गैरहजेरीने आणि कौतुक झालं केळ्याचं, तेही पंचवीसेक वर्षं. ऑफिसात हे आपण रोज बघतो.

खरा चोर पकडला तो डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. गव्हावर त्यांचा संशय होताच. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, हॉलंडमध्ये अन्नाचा भीषण तुटवडा पडला. लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगत होते. ब्रेड मिळेनासा झाला आणि या आजाराची मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिकेंनी यावर प्रबंध लिहिला.

हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हणजे जगात दुष्काळ पडला की तुला बरं वाटणार.’

ब्रेडचं दुःख मात्र वेगळं लिहायला हवं. ग्लुटेन म्हणजे लॅटिनमध्ये सरस, डिंक. पीठ मळलं की त्याचं जाळं तयार होतं, यीस्टने सोडलेली हवा त्या जाळ्यात अडकते आणि ब्रेड फुगतो. हे जाळं नसलं की हवा आपल्या वाटेने निघून जाते आणि मागे राहतो तो ग्लुटेन-फ्री ब्रेड. दुकानातला पहिला ब्रेड मी हातात घेतला तेव्हा त्याच्या वजनाने दबकलो. स्लाइस वाकवून बघितला. तो वाकला नाही, मोडला. भाजल्यावर बरा लागतो म्हणतात. भाजल्यावर तो भाजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो, म्हणजे सुधारणा आहेच.

मग मी स्वतः करायला घेतला. तांदळाचं पीठ, मक्याचं स्टार्च आणि जाळ्याच्या जागी झँथन गम. पहिल्या वेळी गोळा झालाच नाही, चिखल झाला. मळायच्या पिठात मीच कोपरापर्यंत मळलो. दुसऱ्या वेळी कुणीतरी सुचवलं म्हणून इसबगोल घातलं, जरा सढळ हाताने. ब्रेड सुरेख फुगला, कापलाही गेला. त्याचे बाकीचे परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. तिसऱ्या वेळी ओव्हनमधून जे बाहेर आलं ते आमच्या बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून अजून वापरात आहे. वाऱ्याने दार आपटत नाही.

घरात फाळणी झाली. टोस्टर दोन, चाळण्या दोन, लाकडी पळ्या दोन, कापायचे पाट दोन. माझ्या सगळ्या वस्तूंना बायकोने लाल चिकटपट्टी लावली. आधी वाटलं मायेने लावली, नंतर कळलं, धोक्याची खूण म्हणून लाल. जॅमच्या बाटलीवरून मात्र खरी लढाई पेटली. मुलगा ब्रेडला लावलेली सुरी पुन्हा बाटलीत घालायचा आणि बाटलीत चुरा पडायचा.

‘बाबा, एवढासा तर चुरा आहे!’

तेव्हा मी त्याला गणित घातलं. पदार्थाला ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणजे दहा लाखांत वीस भाग. ब्रेडच्या एका स्लाइसमधलं ग्लुटेन ग्रॅममध्ये मोजावं लागतं. मग चुरा किती? मुलाने तोंडी हिशेब केला आणि गंभीर चेहऱ्याने दुसऱ्या दिवसापासून जॅमच्या दोन बाटल्या मागितल्या. त्यातली मोठी स्वतःसाठी ठेवली.

बाहेर खाणं म्हणजे आता जेवण कमी आणि चौकशी आयोग जास्त असतो. ‘यात गहू आहे का?’ या प्रश्नाला एका वेटरने मला ठासून सांगितलं, ‘गहू अजिबात नाही साहेब, मैदा आहे.’ दुसऱ्याने बटाट्याच्या फ्राइज सुचवल्या. बटाटा निर्दोष आहे, हे मलाही ठाऊक होतं. पण त्याच तेलात आधी कोण कोण तळून निघालंय, हे विचारल्यावर तो आत गेला आणि परत आलाच नाही. बिल आणायला दुसरा माणूस आला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, ‘तुम्हीपण ग्लुटेन-फ्री? किती किलो कमी झालं?’ माझं तर वाढलं होतं. आतडं सुधारलं, अन्न अंगी लागायला लागलं, चार महिन्यांत पट्ट्याची दोन भोकं पुढे सरकली. त्या माझ्या पोटाकडे बघून गप्प झाल्या.

एक मात्र मान्य करायला हवं. या आजाराचं बाहेरून काही दिसत नाही. प्लास्टर नाही, काठी नाही, खोकला नाही. एकदा ऑफिसच्या जेवणात कुणीतरी चुकून सॉस घातलेला भात दिला. पुढचे तीन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो आणि डोक्यात नुसतं धुकं. चौथ्या दिवशी कामावर गेलो तर साहेब म्हणाले, ‘अरे, ताजातवाना दिसतोस! सुट्टी मानवली.’ काय बोलणार? दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. मी हल्ली पाणीसुद्धा लेबल वाचून पितो.

असो. परवा मित्राच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. वहिनींनी माझ्यासाठी वेगळा केक करायचं ठरवलं आणि तीन फोन केले. ‘भाऊजी, बदामाचं पीठ चालतं ना?’ ‘भाऊजी, बेकिंग पावडरच्या डब्यावर स्टार्च लिहिलंय, कसलं ते लिहिलेलं नाही, टाकून देऊ का?’ ‘भाऊजी, भांडं नवीन आणलंय, पण चाळणीचं लक्षातच आलं नाही, चाळलं नाही तर चालेल?’ तिसऱ्या फोननंतर माझे डोळे भरून आले. दोन वर्षांत ‘थोडंसं चालेल ना’ न विचारणारं पहिलं माणूस!

संध्याकाळी टेबलावर दोन केक. एक तीन मजली, सर्वांसाठी. शेजारी एक बसका, तपकिरी, माझा. टाळ्या झाल्या, मित्राने आणि वहिनींनी मोठा केक कापला. आणि मग वहिनी तीच सुरी, क्रीम आणि चुऱ्याने माखलेली, हातात घेऊन प्रेमाने हसत माझ्या केककडे वळल्या.

‘थांबा!’

माझ्या घशातून असा आवाज निघू शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं. गाणं बंद झालं. एक लहान मूल रडायला लागलं. सुरी केकच्या वर इंचभर थांबली. वहिनींनी सुरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्याच हातात सुरी होती, त्यामुळे कपाळालाही क्रीम लागलं. माझ्या बायकोने पर्समधून लाल पट्टीची सुरी काढली. ती हे सगळं मनात धरूनच आली होती.

केक कापला. खरं म्हणजे ढासळला. सगळे माझ्याभोवती उभे राहून मी कसा खातो ते बघत होते. पहिला घास तोंडात गेला आणि तोंडातलं सगळं पाणी त्याने शोषून घेतलं. वाळूचा किल्ला गोड असता तर असाच लागला असता.

‘कसा झालाय?’ वहिनींनी विचारलं. कपाळावरचं क्रीम अजून तसंच होतं.

‘सुंदर,’ मी म्हणालो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला.

‘मग आणखी देऊ?’

‘थोडंसं.’

वहिनींनी अर्धा केक माझ्या ताटलीत ठेवला.