‘म्हणजे चूक माझीच का?’ : एका वाचक ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

बाळ अंगावर प्यायचे अचानक थांबवते तेव्हा काय करावे, या विषयावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिच्यात तीन आक्षेप आहेत आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे, एक वाक्य आहे : ‘आमच्या भावजयीचं बाळ अकरा दिवसांचं आहे, तेही कालपासून अंगावर घेईना, त्याला पण शांत राहून बघू का?’ आक्षेपांची उत्तरे मी देणारच आहे, पण ‘आई शांत राहिली की बाळ परतते’ या माझ्या वाक्याला मारलेल्या या टोमण्याचे उत्तर त्याआधी द्यायला हवे. हे वाचताच भावजयीच्या माहेरी फोन करा आणि बाळाला आजच डॉक्टरांना दाखवायला सांगा.

माझा लेख होता तो दोन-तीन महिने नीट अंगावर पिऊन, बाळसे धरून, मग एके दिवशी तोंड फिरवणाऱ्या बाळाविषयी. ही मर्यादा मी पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहायला हवी होती. ती लिहिली नाही, हा दोष माझा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने दूध ओढणे सोडले, तर ते जंतुसंसर्गाचे पहिले लक्षण असू शकते आणि इतक्या लहान बाळाला तशा वेळी ताप येतोच असे नाही, उलट अंग गारही पडू शकते. बाळ उठवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त चालत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, झटके येत असतील, अंग तापलेले किंवा गार लागत असेल, तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. सरकारी रुग्णालयात तान्ह्या बाळाच्या उपचारांचे पैसे पडत नाहीत. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून वरून पांघरूण घ्यावे, म्हणजे ऊब टिकते. लिंबलोण उतरवायचे असेल तर खुशाल उतरवा, पण त्यासाठी गाडी खोळंबवू नका.

यांपैकी काहीच नसेल, बाळ जागे असेल आणि नीट गिळत असेल, तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत आईने हाताने काढलेले दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने, बाळाला थोडे उभे धरून, थोडे थोडे पाजावे. गुंगीत असलेल्या बाळाच्या तोंडात मात्र काही ओतू नये. लंगोट मोजावेत, या वयात २४ तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, तर पोटात दूध पुरेसे जात नाही. वजनही करून घ्यावे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येतात. म्हणजे त्यांची पुढची भेट तीन दिवसांनी आहे. तोवर थांबू नका, त्यांना आजच बोलवा.

आता आपले आक्षेप.

मी लिहिले होते, ‘आई शांत राहिली की बाळ आपोआप छातीशी परतते.’ त्यावर आपण विचारता, ‘म्हणजे माझी मुलगी परतली नाही, ती मी शांत नव्हते म्हणून का? चूक माझीच का?’ नाही, ताई. ते वाक्य मी मागे घेते. ते ऐकायला गोड होते, म्हणून लिहिले गेले. माझ्या स्वतःच्या अनुभवालाही ते धरून नाही, हे आपण विचारल्यावर माझ्या लक्षात आले.

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी जालना जिल्ह्यात माहेरी होते आणि बी.एड.च्या परीक्षेसाठी मला दोन दिवस शहरात जाऊन राहावे लागले. घरी आईने नातीला बाटलीने दूध पाजले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी परतले तेव्हा छाती दगडासारखी झाली होती, ब्लाउज भिजून वाळून पुन्हा भिजला होता, आणि मुलीला पदराखाली घेतले तर तिने एकदा तोंड लावले, सोडले, मान मागे टाकली, मुठी आवळल्या आणि अशी काही किंचाळली की शेजारच्या काकू ओल्या हातांनी धावत आल्या. नंतर प्रत्येक वेळी तेच. पुढे पुढे तर मी पदर सावरायला हात नेला तरी ती रडू लागे. घरात निदान करणाऱ्यांची कमतरता नव्हती : एकीच्या मते दूध जड झाले होते, दुसरीच्या मते दृष्ट लागली होती, आणि आजी म्हणाली, ‘तू पान्हा चोरतीस.’

तो शब्द मला त्या वेळी फार लागला. आज मात्र त्यात मला एक शहाणपण दिसते. आपल्या बोलीत दूध आटणे वेगळे आणि पान्हा न सुटणे वेगळे. गाय घाबरली, वासरू दिसेना झाले की ती पान्हा चोरते. कासेत दूध असते, ते उतरत नाही. बाईचेही तसेच आहे. दूध तयार करणारे संप्रेरक निराळे आणि ते सोडणारे, म्हणजे ऑक्सिटोसिन, निराळे. वेदना, भीती, अपमान यांनी दुसऱ्याला काही काळ अडथळा येतो. आईच्या मनःस्थितीचा संबंध येतो तो एवढाच. तिच्या चित्तवृत्तीने बाळाचे चोंदलेले नाक मोकळे होत नाही, ठणकणारा कान थांबत नाही, जिभेवरचे पांढरे चट्टे जात नाहीत. नाक चोंदलेले बाळ एकाच वेळी चोखणे आणि श्वास घेणे करू शकत नाही. कान दुखणारे बाळ कधी एका बाजूला पिते आणि दुसऱ्या बाजूला घेतले की ओरडते, कारण त्या कुशीवर कान दाबला जातो. फार भरलेल्या छातीचे स्तनाग्र सपाट होते आणि बाळाच्या तोंडात धरता येत नाही. त्यासाठी आधी थोडे दूध हाताने काढून छाती मऊ करावी लागते. दूध फार जोरात येत असेल तर बाळाला ठसका लागतो आणि ते दूर होते. यांतले काय आहे, हे डॉक्टरांनी नाक, कान, तोंड पाहूनच ठरते.

माझ्या मुलीच्या बाबतीत मुख्य कारण बाटलीच असावे. बाटलीतून चोखताच धार येते; छातीशी मात्र पान्हा सुटेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे चोखत राहावे लागते, आणि दोन दिवसांत ती हा धीर विसरली होती. त्याच दिवसांत आत्या माझ्या मानेला वासाचे मलम चोळत होती, त्याचाही वाटा असेल. पाचव्या रात्री वीज गेली म्हणून अंगणात बाज टाकली होती. मुलगी माझ्या कुशीत होती, मी दमून झोपले होते, आणि जाग आली ती ती पीत असल्यामुळे. अर्धवट झोपेत तिचे तिनेच शोधले होते. मी शांत नव्हते, ताई; मी झोपलेली होते. आधीचे चार दिवस मी रडण्यात काढले होते.

आपण तापाने आठ दिवस दवाखान्यात होता आणि मुलगी अडीच महिन्यांची होती, असे आपण लिहिले आहे. आठ दिवसांचा विरह, आजारपणात आटत चाललेले दूध आणि हाताशी बाटली, एवढी कारणे पुरेशी आहेत. त्यांत आपल्या स्वभावाला शोधण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटला. ‘बाळ जितक्या वेळा प्यायले असते तितक्या वेळा दूध काढा, काढलेले दूध २५ अंश तापमानाला चार तास टिकते, हे लिहायला सोपं आहे. वेचणीला गेलेल्या बाईला कोण सोडणार, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात २५ अंश असतात कुठे?’ आपले दोन्ही प्रश्न रास्त आहेत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते; बांधावर बसून दूध काढण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचा कापूस कोणी तोलून देत नाही. आणि वैशाखात पत्र्याच्या घरात काढलेले दूध चार तास ठेवावे, असे मी आज म्हणणार नाही. काढले की लगेच पाजावे. फ्रिज असेल आणि वीज टिकत असेल, तर झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात, फ्रिजच्या दारात नव्हे तर आतल्या बाजूला ठेवावे.

तरीही दूध काढण्याचा मुद्दा मी सोडत नाही, कारण छातीत साचून राहिलेले दूध पुढचे दूध कमी करते. शरीराला तो निरोपच असतो की गिऱ्हाईक नाही. दिवसातून आठ-दहा वेळा जमत नसेल, तर निघण्यापूर्वी, दुपारच्या भाकरीच्या वेळी, घरी आल्यावर आणि रात्री, असे चार वेळा काढावे. अंगठा आणि बोटे स्तनाग्रापासून दोनेक बोटे मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचे, मग चिमटीत घ्यायचे, मग सोडायचे. कातडीवर बोटे घासायची नाहीत. पहिले मिनिटभर काही येत नाही आणि बाई नाउमेद होते. थांबू नये, पान्हा सुटायला तेवढा वेळ लागतोच. शेतात काढलेले दूध ठेवता येत नसेल, तर ते झाडाच्या बुंध्याशी ओतून द्यावे. दूध पायदळी जाऊ नये ही जुन्या बायकांची रीतही त्यात राखली जाते, गाठीही होत नाहीत, आणि बाळ परत आले तर त्याच्यासाठी दूध शिल्लक राहते.

बाळाला परत आणताना जबरदस्ती करू नये, हे मी लिहिले होते आणि त्यावर ठाम आहे. डोके मागून दाबून छातीला लावले, की बाळ ती जागाच भांडणाची समजू लागते. त्यापेक्षा पोट बोंडल्याने भरावे आणि छातीशी नुसते खेळू द्यावे, निजू द्यावे. पाजून पाहायचे ते पेंगुळलेले असताना, फार भूक लागण्याआधी. पुष्कळ बाळे दोन-चार दिवसांत परततात, काहींना दहा लागतात, आणि काही परतत नाहीत.

आपला तिसरा आक्षेप : ‘डब्याचं दूध दिलं तर काय बिघडलं? माझी मुलगी डब्यावरच वाढली, आज चौथीत आहे.’ काहीच बिघडले नाही, ताई. बाळाचे पोट भरणे हे पहिले काम आणि ते आपण केले. माझ्या नणंदेचे बाळही परतले नव्हते. तिने दीड महिना दूध काढून पाजले, मग हात टेकले आणि डबा आणला. तो भाचा आता माझ्यापेक्षा उंच आहे.

पण डबा आणि अंगावरचे दूध सारखेच, असे आपण पुढे म्हणता, ते मला मान्य नाही. अंगावरच्या दुधातून रोगांशी लढणारे घटक मिळतात, ते डब्यात नसतात. शिवाय आपल्या भागात प्रश्न पावडरीइतकाच पाण्याचा आणि बाटलीचा आहे. टँकरचे पाणी चार दिवस टाकीत पुरवून वापरणाऱ्या घरात बाटलीचे बूच दरवेळी उकळून कोण घेते? म्हणून डबा द्यावा लागला तरी बाटली नको, बोंडले किंवा वाटी-चमचा बरा. तो घासता येतो. पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, ते पुरेसे गरम असतानाच पावडर घालावी, मग भांडे गार पाण्यात धरून कोमट करावे, मनगटावर थेंब टाकून पाहावा आणि उरलेले ठेवून न देता टाकून द्यावे. डबा लवकर संपतो म्हणून चमचा कमी घालणे, किंवा सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला म्हशीच्या दुधात पाणी घालून देणे, यात पोट भरल्यासारखे दिसते पण पोषण होत नाही. उन्हाळा आहे म्हणून सहा महिन्यांच्या आत वेगळे पाणीही पाजायचे नसते. अंगावरच्या दुधात पाणीच सर्वांत जास्त असते.

डब्यावर ‘आईचे दूध सर्वोत्तम’ अशा अर्थाची सूचना असते आणि ती वाचून आपल्याला दर वेळी टोचल्यासारखे होई, असेही आपण लिहिले आहे. ती सूचना १९९२ च्या कायद्याने कंपन्यांवर घातलेले बंधन आहे, बाळदुधाची जाहिरात करण्यावर बंदी आहे ती त्याच कायद्याने. तिचा रोख विकणाऱ्यावर आहे, विकत घेणाऱ्या आईवर नाही. मला राग आहे तो बाळंतपणाच्या दुसऱ्याच दिवशी ‘दूध पुरत नाही’ म्हणून हातात डबा देणाऱ्यांचा, कारण तेव्हा थेंब थेंब चीकच येत असतो आणि बाळाला तेवढाच पुरतो.

‘एकदा आटलेलं दूध परत येत नाही, बायकांना खोटी आशा लावू नका,’ हे आपले वाक्यही मी तसेच सोडू शकत नाही. बाळ वारंवार चोखत राहिले, तर काही आठवड्यांनी पुष्कळ जणींना दूध पुन्हा येते. सगळ्यांना नाही, आणि पुरेसे येईलच असेही नाही. आशा खोटी नाही, तिचा हप्ता मात्र मोठा आहे, आणि तो भरायचा की नाही हे त्या बाईने ठरवावे, मी किंवा तिच्या सासूने नाही.

मूळ लेखातील ‘आई शांत राहिली की’ हे वाक्य मी आज काढून टाकले आहे आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळांविषयीचा इशारा सर्वांत वर घातला आहे. भावजयीच्या बाळाचे वजन किती भरले आणि जन्मवेळी किती होते, ते दोन्ही आकडे इथेच खाली लिहून कळवा. मी रात्री पुन्हा पाहते.