सॅम्युअल टेलरला सहा बायका? नाही हो, बाप-लेकात गल्लत झालीये

सॅम्युअल डब्ल्यू. टेलर या मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) लेखकाबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय की त्याने सहा लग्नं केली म्हणून चर्चने त्याला हाकललं आणि त्याचा राग त्याने पुस्तकांतून काढला. अहो, १९११ साली ज्यांना काढलं ते त्याचे वडील, जॉन डब्ल्यू. टेलर! सहा बायका त्यांनाच, आणि पोरं तब्बल ३६. चर्चने १८९० मध्येच बहुपत्नीत्व थांबवायचं जाहीर केलं होतं पण हे काही थांबले नाहीत, म्हणून कारवाई झाली. सॅम्युअलचा जन्म १९०७चा, म्हणजे तेव्हा चार वर्षांचं पोर, त्याला कोण कशाला काढेल?

पुढे त्याने याच घराची गोष्ट 'फॅमिली किंगडम'मध्ये लिहिली, १९५१ला. ते राग काढणं वगैरे तर अजिबात नाहीये, उलट बापावरची माया दिसते त्यात. कादंबऱ्या लिहिल्या, मॉर्मन इतिहासावरही लिहिलं.

आणि हो, डिस्नेचा उड्या मारणाऱ्या रबराचा 'फ्लबर' आठवतोय ना, रॉबिन विल्यम्सवाला? तो ज्या १९६१च्या पिक्चरवरून काढला त्याची मूळ कथा याच माणसाची, पण फॉरवर्डमध्ये नेमकं तेच नाही.